व्हेपवर बंदी आहे, पण खिशातल्या सेलला ते माहीत नाही

विषय नाजूक आहे, पण कुणीतरी बोलायला हवं. माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, त्यामुळे मला हा विषय वायर आणि बॅटरीच्या बाजूने दिसतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. अख्खं यंत्र सोडा, सुटा भागही विकता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला मात्र कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही.

आता सांगा, वस्तू गेली का? कॉलेजच्या आसपासच्या टपऱ्यांवर जरा लक्ष ठेवा, उत्तर मिळेल. वस्तू आहे तिथेच आहे. गेला तो ती नीट समजावून सांगणारा माणूस.

माझ्याकडे पोरं येतात ती बहुतेक रिबिल्डेबल अटमायझर घेऊन. म्हणजे ज्यात कॉइल स्वतः गुंडाळायची, कापूस स्वतः भरायचा. मी ते दुरुस्त करत नाही, पार्टही देत नाही. पण पोरगं विचारतंय आणि मी गप्प बसलो, तर ते घरी जाऊन अंदाजानेच करणार. म्हणून धोका कुठे आहे ते सांगतो.

जळकट चव येते, म्हणून पोरं बॅटरी बदलतात. अरे, दोष बॅटरीत नसतोच! कापूस कोंबून भरला की लिक्विड वर चढत नाही, कोरडा कापूस जळतो आणि तो धूर थेट छातीत जातो. कापूस कमी पडला की गळती. आकडा सारखा वर-खाली होतो, तेव्हा बहुधा स्क्रू सैल असतो. आणि कॉइलचा पाय बाहेरच्या धातूला टेकला, की सरळ शॉर्ट.

खरी भीती पुढे आहे. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर करंट. तीच ०.१५ ओहमची केली की २८ अँपिअर! गीझरचा सॉकेटसुद्धा १६ अँपिअरचा असतो, आणि हे बोटाएवढ्या सेलमधून ओढायचं. त्यात सेल कुठला? जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून किंवा पॉवर बँकेतून काढलेला. त्यातले बहुतेक सेल पाच-दहा अँपिअरच्या पलीकडे जायला बनवलेलेच नसतात. मेक मॉड असेल तर मध्ये कुठलं सर्किटही नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला.

मोजायचं म्हटलं तर तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर इथे कामाचा नाही. त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम दाखवतो. म्हणजे मोजूनही पोरगं अंधारातच.

हे मी घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१८ साली आणि टेक्सासमध्ये २०१९ साली व्हेप फुटून माणसं गेली आहेत.

यावर लोक म्हणतात, "माहिती दिली की प्रोत्साहन मिळतं." मला हे पटत नाही. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे शिकवल्याने कुणी घराला आग लावायला जात नाही. आणि निकोटीनचं व्यसन लागतं, हे मी प्रत्येक पोराला त्याच वाक्यात सांगतो. व्हेप निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. बंदी उठवा, असंही म्हणत नाही.

बाहेर बघा. ब्रिटनमध्ये व्हेप कायदेशीर आहे, पण निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नाही, आणि जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायलाच बंदी. त्यांनी एक रस्ता धरला, आपण दुसरा. पण आपला रस्ता कागदावरच राहिला तर ती बंदी कसली? शेजारीच सिगारेट, विडी राजरोस विकली जाते, ते आणि वेगळंच.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, कारवाई पोरांच्या दप्तरावर नको, माल पुरवणाऱ्यावर करा.

दोन, आयटीआय आणि अकरावी-बारावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना लिथियम सेलचं हे गणित फळ्यावर मांडा. परीक्षेला येत नसेल तरी चालेल.

तीन, जुने सेल जमा करायला नगरपालिकेने प्रत्येक प्रभागात एक डबा ठेवावा. घंटागाडीत टाकलेला सेल दाबला गेला की कचरा पेटतो.

आईवडिलांनाही सांगणं आहे. पोराच्या कपाटात असं काही सापडलं तर आधी आरडाओरडा नको. सेलवरचं प्लास्टिक फाटलंय का, तो नाण्यांसोबत किंवा किल्ल्यांसोबत सुटा पडलाय का, ते बघा. तो प्लास्टिकच्या डबीत वेगळा ठेवा. मग शांतपणे बोला. सोडायचं असेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६. तंबाखू-विडीवाल्यांनाही चालते.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्याला धरून.