नीरा, लिंबू आणि अँटिऑक्सिडंटची बाटली

"डॉक्टर, अँटिऑक्सिडंटची एखादी चांगली गोळी लिहून द्या ना." ही मागणी हल्ली ज्यांना काहीही झालेले नाही अशा मंडळींकडूनच जास्त येते. माझे उत्तर बहुतेक वेळा 'नको' असते. का, ते सांगतो.

कापलेले सफरचंद काळे पडते ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा 'फ्री रॅडिकल्स' नावाचे अस्थिर कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करू शकतात. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट: क आणि ई जीवनसत्त्व, गाजरातले बीटा कॅरोटीन, हळदीतले करक्युमिन, चहातली पॉलिफेनॉल्स. सफरचंदावर लिंबू पिळले की ते काळे पडत नाही, हे खरे. पण म्हणून लिंबाची गोळी घेतली की म्हातारपण लांबते, ही उडी जाहिरातवाल्यांची.

वनस्पतींमधल्या या घटकांचा माणसाला उपयोग कसा तपासावा, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. डॉ. कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करून, पेशींच्या श्वसनाला लागणारे सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये असताना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. तीच नीरा, जी आपण पुण्यात सकाळी फिरून येताना स्टॉलवर पितो. तिच्यात क जीवनसत्त्व आणि लोह आहे हे त्यांना आढळले. पण त्या प्रयोगशाळेत थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली.

इथे दोन गोष्टी बघा. त्यांनी अख्खा पदार्थ दिला, आणि ज्यांच्या शरीरात कमतरता होती त्यांना दिला. शिवाय क जीवनसत्त्व आणि लोह एकत्र असणे महत्त्वाचे, कारण वनस्पतींमधले लोह आतड्यातून सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याचे रूप बदलून ते शोषण्याजोगे करते. वरणभातावर लिंबू पिळायचे ते याचसाठी. (उलट जेवणावर लगेच चहा घेतलात, तर चहातली पॉलिफेनॉल्स लोहाला अडवतात. तीही अँटिऑक्सिडंटच! हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी तासभर तरी थांबावे.)

आता उलट बाजू. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर गोळ्यांचा मोठा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सगळे चक्रावले. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाला! अमेरिकेतला तसाच एक प्रयोग १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावा लागला. फ्री रॅडिकल्स सरसकट शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. गाजर खाऊन शरीराला जे मिळते ते मोठ्या डोसच्या एकाच रसायनातून मिळेल, असे गृहीत धरणे चूक आहे.

सर्वांत जास्त विचारणा हळदीच्या कॅप्सूलची होते. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. करक्युमिन शरीरात फार कमी शोषले जाते, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचे पायपरिन घालून शोषण वाढवतात. अशा कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत २०१९ मध्ये आणि नंतर अमेरिकेतही नोंदल्या गेल्या आहेत. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

आहारात आवळा, पेरू, पालेभाजी, डाळी असतील तर तुम्हाला बाटलीची गरज नाही. नीराही जरूर प्या, ताजी आणि थंड. मधुमेह असेल तर मात्र तिच्यात साखर आहे हे विसरू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ई जीवनसत्त्व, हळदीच्या कॅप्सूल आपल्या मनाने घेऊ नका, आणि मुतखडा होऊन गेला असेल तर क जीवनसत्त्वाचे मोठे डोस टाळा. आधीच काही घेत असाल आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, मळमळ, थकवा वाटू लागला, तर त्याच दिवशी ते बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. येताना बाटली सोबत आणा, लेबल वाचावे लागते.