खाऱ्या जमिनींतील पाया

जोत्याला पांढरी पूड फुटूं लागली कीं घरांतील वडील मंडळी ‘भिंतीस लोणा लागला’ असें म्हणतात आणि गिलाव्याचा आणखी एक हात देववून स्वस्थ बसतात. परंतु लोणा हा जमिनीनें दिलेला इशारा आहे. खाऱ्या जमिनींत खरी काळजी घ्यावयाची ती पाया भरतेवेळीं.

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत पैठण येथें जायकवाडी धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. कालव्यांनी शेती फुलली. पण ज्या सखल काळ्या जमिनींत पाण्याचा निचरा झाला नाहीं, तेथें खार वर आला. अशा जागीं भावाभावांनी मिळून घर बांधावयाचें असेल, तर पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

क्षार दोन प्रकारें घात करितात. सल्फेटाचा सिमेंटांतील ॲल्युमिनाच्या संयुगांशीं संयोग होऊन नवें द्रव्य फुगतें व काँक्रीटला तडे जातात. क्लोराइड सळयांपर्यंत पोंचून त्यांस गंज चढवितें आणि तो गंज फुगून वरचें काँक्रीट फोडितो. मलिक अंबराच्या नहरीचें चुन्याचें काम शतकें टिकलें, मग आपलें कां टिकूं नये, असें कोणी विचारील. तर त्या कामाच्या पोटांत सळया नव्हत्या.

दोन्ही क्षार पाण्याच्या वाटेनेंच आंत शिरतात, आणि ती वाट बहुधा आपणच करून देतों. माल सैल व्हावा म्हणून एक बादली जास्त ओतली जाते. तें पाणी वाळलें कीं मागें सूक्ष्म छिद्रें राहतात. म्हणून ५० किलोच्या गोणीस, वाळूंतील ओल धरून, २२.५ लिटरांहून अधिक पाणी घालूं देऊं नये. माल घट्ट वाटल्यास पाणी न वाढवितां प्लॅस्टिसायझर वापरावा.

माती व पाणी आधीं तपासून घ्यावें. केवळ सल्फेट असल्यास सल्फेटरोधक सिमेंट चालेल. क्लोराइडही असल्यास राखमिश्रित किंवा स्लॅगचें सिमेंट अधिक हितावह. पायांतील सळयांवर निदान ५० मिलिमीटर काँक्रीटचें आवरण असावें. खारट बोअरचें पाणी मालांतही नको आणि वर मारावयासही नको. गोड्या पाण्यानें १४ दिवस काम ओलें ठेवावें.

पाया भरण्याच्या दिवशीं घरांतील एका जाणत्या माणसानें कामावर उभें राहावें. मातीखालीं गेलेला पाया पुन्हां पाहावयास मिळत नाहीं. नातवंडांना मात्र त्यावरच राहावयाचें असतें.