बांधावरच्या सागाचा मालक कोण?

वडिलांनी बांधावर लावलेला साग आपला की सरकारचा, असे गावात विचारले तर निःशंक उत्तर क्वचितच मिळते. ब्रिटिश आमदानीत सागवान, शिसव यांसारखी झाडे खाजगी जमिनीतही सरकारची मानण्याची वहिवाट अनेक भागांत होती. ती आमदानी सरली, परंतु तिने घातलेली भीती शेतकऱ्याच्या मनातून अद्याप पुरती गेलेली नाही. वास्तविक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २५ अन्वये भोगवट्याच्या जमिनीत उभ्या असलेल्या झाडांवरील हक्क जमीनधारकाचाच होय.

मात्र झाड आपले असणे आणि ते हवे तेव्हा तोडता येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर इत्यादी जाती आहेत. त्यांवर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतली पाहिजे. न घेतल्यास दंड होतो व माल जप्त होऊ शकतो. ओढा, झरा, तळे यांच्या काठची झाडे माती धरून ठेवतात, म्हणून त्यांच्या तोडीवर महसुली नियमांचा निराळा निर्बंध आहे. निलगिरी व सुबाभूळ या अनुसूचीत नाहीत.

आता खरे दुखणे सांगतो. कायदा ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याकडे नेमका अडचणीच्या वेळी, मुलीचे लग्न ठरलेले असते किंवा बँकेचा हप्ता थकलेला असतो तेव्हा, लाकडाचा व्यापारी येतो. ‘परवानगी, हातोड्याची खूण, वाहतुकीचा पास हे सारे आम्ही पाहू, तुम्ही फक्त सही करा,’ असे तो म्हणतो. उभ्या झाडांचा उधळा सौदा होतो. ना घेर मोजलेला, ना लांबी. तीस-चाळीस वर्षे ज्याने झाड राखले त्याला मिळते ती रक्कम, आणि माल डेपोवर पोहोचल्यानंतरची किंमत, यांतील अंतर शेतकऱ्याला कधी कळतही नाही. पुढे तोडीत काही बेकायदेशीर निघाले, तर सही मात्र त्याचीच असते!

ग्रामसेवकांनी येथे मध्ये पडावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. रोप जीव धरताच त्याची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्यावर करून घ्यावी. तोडीच्या वेळी नोंदीसाठी धावाधाव करणाऱ्याचे प्रकरण महिनोन् महिने रेंगाळते. बांधावरच्या झाडाबाबत हद्दीची मोजणी आधीच झालेली बरी. शेजाऱ्याची एक तक्रार सारा अर्ज अडवते. सौद्यापूर्वी छातीइतक्या उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर सुतळीने मोजून वहीत लिहावा. एवढ्या एका वहीने व्यापाऱ्याची भाषा बदलते. सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा असल्यास मात्र प्रथम जाणत्याचा सल्ला घ्यावा, कारण १९७५ च्या कायद्याने अशी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे निहित झाली आहेत. अर्थात केवळ जुन्या नोटिशीच्या आधारे घातलेला शेरा पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले आहे, हेही ध्यानी ठेवावे.

आदिवासी खातेदारांची फसवणूक अधिक, म्हणून १९६९ साली त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी स्वतंत्र कायदा करून अशा विक्रीवर शासनाची देखरेख ठेवण्यात आली. आदिवासी बंधूंनी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करूच नये.

कचेऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. अर्ज करणाऱ्याकडे चोराच्या नजरेने पाहिले, की तो व्यापाऱ्याच्या दारी जातो. किंबहुना पुढच्या पावसाळ्यात बांधावर उगवलेले सागाचे रोप तो कोवळेपणीच उपटून टाकतो. पुढची कटकटच नको! हे नुकसान कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. बांबूच्या बाबतीत २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून त्यास वगळून सरकारने शेतकऱ्यावर विश्वास टाकला. शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या व सातबाऱ्यावर नोंदलेल्या सागालाही काही अंशी तोच न्याय लावावा, निदान अर्जाचा निकाल ठरल्या मुदतीत व लेखी द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर येत्या ग्रामसभेत झाडांच्या नोंदीचा विषय घ्यावा, आणि तलाठ्यांना त्या दिवशी दप्तरासह येण्याची विनंती आधीच करून ठेवावी.