अर्जाची भाषा

पोलिसांविषयी आपल्या मोहल्ल्यात दोनच भाषा चालतात. ओट्यावर शिवी आणि ठाण्यात ‘साहेब, साहेब’. तिसरी भाषा अर्जाची. ती आम्ही शिक्षक मुलांकडून परीक्षेपुरती घोटून घेतो आणि शाळेतच ठेवून घरी जातो.

‘दरख्वास्तीने काय होतं?’ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, मग कशाने झालं? मुंबईच्या 1992-93 च्या दंगलीत नऊशे माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये 31 पोलिसांवर ठपका ठेवला. तेव्हाच्या सरकारने अहवाल झिडकारला. 1999 नंतर आलेल्यांनी अंमलबजावणीचं वचन दिलं आणि सत्तेची पंधरा वर्षं काढली. आपण दर निवडणुकीत तेच वचन पुन्हा ऐकलं, वर टाळ्याही वाजवल्या.

आता दुसरीकडे पाहा. 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढल्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. चार अध्यापक! आमच्या स्टाफरूममध्ये महागाई भत्त्याच्या अर्जावरसुद्धा चौघांच्या सह्या जमत नाहीत.

1986 मध्ये बंगालच्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्याचीच याचिका झाली. अटकेचा मेमो, नातेवाइकांना खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, हे 1996 चे नियम त्या पत्राची कमाई.

सरकारं आपणहून हलत नाहीत आणि हलली तरी पळवाट ठेवतात. प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्याबरोबर प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा केला, पण जिल्ह्याच्या जागी महसूल विभाग घातला. म्हणजे देसाईगंजच्या माणसाने नागपूर गाठायचं! यावर आपल्या एकाही जलशात ठराव झाल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

पोरगा उचलला की आपण आधी नगरसेवकाकडे धावतो. मेमो कोणी मागत नाही. ठाण्याठाण्यात कॅमेरे लावा, लॉकअपसुद्धा सोडू नका, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये फर्मावलं. शांतता समितीत बसणारे, ईदला इन्स्पेक्टरसाहेबांना हार घालणारे आपले बुजुर्ग आहेत. आपल्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, एवढं त्यांनी एकदा लेखी विचारावं. अर्ज लिहून द्यायला आम्ही तयार आहोत, उर्दूत नव्हे, मराठीत.