शिक्का कोणी मारावयाचा?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. भावाची घासाघीस होते, मांडीचे हवे की खांद्याचे याची चर्चा होते. परंतु टांगलेल्या बोकडावर तपासणीचा शिक्का आहे काय, हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. लहान शहरांत आणि उपनगरांत तो विचारलाच, तर समाधानकारक उत्तर मिळणे कठीण. म्हणूनच या विषयाला आम्ही आज पहिल्या पानावर स्थान देत आहो.

कायदा नाही, अशी तक्रार करता येणार नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने कत्तलखान्यांचे नियमन नगरपालिकांच्या विषयांत घातले. एका पशुवैद्याने तासाला १२ हून आणि दिवसाला ९६ हून अधिक जनावरे तपासू नयेत, असे २००१ च्या केंद्रीय नियमांनी बजावले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली झालेल्या नियमांनी कापण्यापूर्वी जिवंत जनावराची आणि कापल्यानंतर त्याच्या अवयवांची, अशी दुहेरी तपासणी सांगितली. हे सर्व योग्यच होय. परंतु २००१ च्या नियमांत कत्तलखाना म्हणजे रोज १० वा अधिक जनावरे कापली जाणारी जागा, अशी व्याख्या आहे. आणि दिवसाला २ मोठी जनावरे, १० लहान जनावरे किंवा ५० कोंबड्या यांपुढे न जाणाऱ्या धंद्याला २०११ च्या नियमांनी परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरेशी मानली. गरीब खाटकाला कागदपत्रांचा जाच होऊ नये, हा हेतू चांगलाच. पण कागद कमी करताना पशुवैद्यही दिसेनासा झाला, तर ती परीक्षकावाचून घेतलेली परीक्षा ठरते.

शाकाहारी वाचकांनी हा आपला प्रश्न नव्हे असे समजू नये. मेंढीच्या काळजात वा फुफ्फुसात कृमीमुळे पाण्याने भरलेले फोड होतात. पशुवैद्य असा अवयव बाजूला काढून नष्ट करवितो. तो नसेल तेथे खाटीक तो भाग कुत्र्यांपुढे फेकतो. कुत्र्याच्या पोटात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि भाजीपाल्यावर जातात, आणि ज्याने जन्मात मटणाला स्पर्श केला नाही, त्याच्याही यकृतात तसाच फोड धरू शकतो. काळपुळीसारख्या रोगात तर कापणाऱ्या खाटकाचाच जीव प्रथम धोक्यात येतो.

तरीही खाटकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हाला मान्य नाही. उसनवार करून आणलेला बोकड तपासणीत बाद झाला, तर सारे नुकसान त्याच्याच माथी. मग त्याने तपासनीसाला टाळले, यात नवल ते कोणते? नुसत्या धाडी घातल्या, तर उघड्यावरचे काम परसात जाईल एवढेच.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक लहान खाटकाकडे पशुवैद्य धाडणे शक्य नाही. परंतु दोन-तीन वस्त्यांमिळून पाणी, उजेड व निचरा असलेली एक साधी सामाईक शेड नगरपालिकेला बांधता येईल. पहाटेचे ठराविक तास नेमून त्या वेळी पशुवैद्य तेथे हजर ठेवता येईल. बाद अवयव पुरण्याची वा जाळण्याची सोय तेथेच असावी, आणि बाद झालेल्या जनावराच्या किमतीचा काही वाटा नगरपालिकेने उचलावा. जी नगरपालिका कत्तलीची फी वसूल करते, तिला ही जबाबदारी झटकता येणार नाही.

उरला प्रश्न आपला. भाजी निवडून घेणारा, दुधातले पाणी ओळखणारा सुशिक्षित गृहस्थ मटणाच्या दुकानातच मुकाट का होतो? येत्या रविवारी त्याने एवढेच विचारावे: शिक्का कोठे आहे? हा प्रश्न पुरेशा तोंडांतून निघाला, तर तो दुकानातून नगरपालिकेपर्यंत पोहोचण्यास वेळ लागणार नाही.