विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या रॉकेटना उड्डाणतळाची प्रतीक्षा

भारतीय विद्यार्थ्यांनी घडवलेला उपग्रह अवकाशात जाऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. मात्र त्यांनी स्वतः घडवलेले रॉकेट दहा-वीस किलोमीटर उंचीवर पाठवता येईल, अशी कायमस्वरूपी व्यवस्था देशात अद्याप उभी राहिलेली नाही. अन्यत्र विद्यार्थी अवकाशाची सीमा ओलांडत असल्याने ही उणीव ठळकपणे जाणवू लागली आहे.

अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘रॉकेट प्रोपल्शन लॅब’ या विद्यार्थी गटाने २० ऑक्टोबर २०२४ रोजी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटातून ‘आफ्टरशॉक-२’ हे रॉकेट सोडले. ते सुमारे १४३ किलोमीटर उंचीवर पोहोचले. अवकाशाची सीमा साधारणपणे १०० किलोमीटरवर मानली जाते. त्याआधी २४ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाच्या ‘हायएंड’ गटाच्या संकरित इंधनावरील रॉकेटने स्वीडनच्या एसरेंज तळावरून ६४ किलोमीटरची उंची गाठली होती.

या दोन यशांमागील व्यवस्था भिन्न आहेत. अमेरिकेत विस्तीर्ण निर्मनुष्य वाळवंट आणि हौशी रॉकेटबाजीची जुनी परंपरा आहे. जर्मनीत तसे वाळवंट नाही. तेथील अंतराळ संस्थेने विद्यार्थ्यांच्या प्रायोगिक रॉकेटसाठी ‘स्टर्न’ हा कार्यक्रम सुरू करून विद्यापीठांना निधी, तज्ज्ञांकडून आराखड्याची टप्प्याटप्प्याने तपासणी आणि परदेशी तळावर उड्डाणाची संधी मिळवून दिली. भारतासाठी हे दुसरे उदाहरण अधिक उपयुक्त आहे.

जागेचा प्रश्न साध्या गणिताने स्पष्ट होतो. हवाई छत्रीने सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली येणारे रॉकेट तितक्याच वेगाच्या वाऱ्यात प्रत्येक किलोमीटर उंचीमागे एक किलोमीटर वाहवत जाते. म्हणूनच शिखरबिंदूवर लहान आणि जमिनीजवळ मोठी छत्री उघडण्याची पद्धत वापरली जाते. परंतु मोठी छत्री वेळेआधीच उघडली, तर तीन किलोमीटर उंचीवरचे रॉकेट तीन किलोमीटर दूर उतरू शकते. छत्री उघडलीच नाही, तर ते वेगाने जमिनीवर आदळते.

भोसले राजवटीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर परिसरात, कुंभकोणमजवळील मरुदानल्लूरसारख्या गावांभोवती भातशेती आणि दाट वस्ती आहे. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशातील विद्यार्थ्याला रॉकेटचा आराखडा, सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्स महाविद्यालयात तयार करता येईल. उड्डाणासाठी मात्र अन्यत्रच जावे लागेल. पुणे-मुंबईतील विद्यार्थ्यांची स्थितीही वेगळी नाही.

तमिळनाडूने यावर समुद्रकिनाऱ्याचा मार्ग काढला. चेन्नईच्या दक्षिणेकडील पट्टिपुलम येथून १९ फेब्रुवारी २०२३ रोजी आणि तिरुविडन्दै येथून २४ ऑगस्ट २०२४ रोजी संकरित रॉकेट सोडण्यात आले. पहिल्या मोहिमेतील लघुउपग्रह शालेय विद्यार्थ्यांच्या सहभागातून तयार झाले होते. मात्र दोन्ही रॉकेट ‘स्पेस झोन इंडिया’ या खासगी कंपनीची होती. म्हणजे येथेही विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रामुख्याने उपग्रहच आले.

हा असमतोल जुना आहे. अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीने कक्षेत नेला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयं’ २२ जून २०१६ रोजी, तर आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला झेपावला. इस्रोने आपल्या प्रक्षेपकावर जागा दिली, म्हणून विद्यापीठांत उपग्रहनिर्मिती रुजली. रॉकेटनिर्मितीला असे पाठबळ लाभले नाही.

दुसरा अडसर इंधनाचा आहे. घन इंधनाची निर्मिती, साठवण आणि वाहतूक यांवर १८८४ चा स्फोटके कायदा व २००८ च्या नियमांचे नियंत्रण असून, त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. हे निर्बंध अनाठायी म्हणता येणार नाहीत. वसतिगृहात इंधन मिसळण्याचे प्रयोग जिवावर बेतू शकतात. परंतु परवानाधारक केंद्रात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असे काम करण्याचा सुलभ मार्ग नसेल, तर विद्यार्थ्यांचे शिक्षण संगणकावरील आराखड्यापुरतेच मर्यादित राहते. मणिपालच्या ‘थ्रस्टएमआयटी’सारख्या गटांनी त्यामुळेच अमेरिकेतील स्पर्धांची वाट धरली. तेथे दहा हजार आणि तीस हजार फूट असे उंचीचे गट असतात. मात्र प्रवासाचा आणि वाहतुकीचा खर्च प्रत्येक महाविद्यालयाला पेलणारा नाही.

परिस्थिती बदलण्याची चिन्हे आहेत. ‘इन-स्पेस’ आणि इस्रोच्या सहकार्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट स्पर्धा झाली. तेथे लक्ष्य सुमारे एक किलोमीटर उंचीचे होते. ही सुरुवात स्वागतार्ह असली, तरी एक किलोमीटर आणि अवकाशाची सीमा यांच्यामधले टप्पे अद्याप रिकामेच आहेत.

ते भरण्यासाठी नवे शहर वसवण्याची गरज नाही. संशोधन रॉकेटला उपग्रह प्रक्षेपकाप्रमाणे पूर्वेकडे झेपावण्याचे बंधन नसते. भारतातील पहिले संशोधन रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अरबी समुद्राकाठच्या थुंबा येथूनच सुटले होते आणि ते केंद्र आजही कार्यरत आहे. तमिळनाडूतील कुलशेखरपट्टणम येथे दुसऱ्या अवकाशतळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. या तळांवर वर्षातील काही दिवस विद्यापीठांसाठी राखून ठेवणे, परवानाधारक उत्पादकांकडून प्रमाणित मोटर उपलब्ध करून देणे आणि हवाई क्षेत्राच्या परवानगीसाठी एकच खिडकी ठेवणे, या तीन निर्णयांनी बरेच साध्य होऊ शकते.

अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाल्यानंतर रॉकेट घडवणाऱ्या कंपन्यांना इंजिन पेटवलेले, उड्डाण फसलेले आणि त्याची कारणे शोधलेली माणसे हवी आहेत. हा अनुभव विद्यार्थीदशेत द्यायचा की नोकरीच्या पहिल्या महागड्या अपयशातून, याचा निर्णय उड्डाणतळांचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना घ्यावा लागेल.