उंचावरची हवा आणि कलाशाखेचा विद्यार्थी

बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला उंची म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. लोणावळ्याकडच्या तलावांतले पाणी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली उतरते आणि त्यावर १९१५ पासून आपल्या खोपोलीचे वीजगृह चालत आले आहे. नागफणीचा सुळका तर आपण रोज मान वर करून पाहतो. पण त्याच्याही वर, ढगांच्या पलीकडे, एकट्या माणसाने लहानसे विमान घेऊन जावे आणि तो माणूस आपल्यापैकी कोणी असावा, ही कल्पना आपल्या मनाला शिवत नाही. ती शिवू नये अशीच व्यवस्था आहे, आणि त्या व्यवस्थेविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम उंचीचे पाहू. उड्डाण शिकवण्यासाठी जगभर वापरले गेलेले सेसना १५२ हे विमान घ्या. दोन माणसांची जागा, एकच इंजिन, शक्ती ११० अश्वशक्ती. त्याची उंचीची मर्यादा सुमारे १४,७०० फूट सांगतात. त्या उंचीवर विमान खाली पडते असे नाही. पण त्याचा चढण्याचा वेग मिनिटाला १०० फुटांवर येऊन ठेपतो. कारण हवा विरळ होते. प्राणवायूचे प्रमाण वरही शेकडा २१ च असते, पण हवेचा दाबच उतरतो. १०,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो, १८,००० फुटांवर निम्मा. इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. पंखांना उचलून धरणारी हवाही तीच आणि पुढच्या पंख्याला रेटायला मिळणारी हवाही तीच. म्हणून वैमानिकाला वर जाता जाता इंधनाचा पुरवठा हाताने कमी करावा लागतो, नाहीतर हवेच्या मानाने इंधन जास्त होऊन इंजिन गुदमरते. आपल्या घाटात मालमोटार धापा टाकते तो चढाचा परिणाम. एवढ्याशा उंचीवर हवेला फारसा दोष देता येत नाही. परंतु गुदमरलेले इंजिन कसे खोकते हे खोपोलीकराला समजावून सांगायला नको.

इंजिन निदान खोकते तरी. माणसाचे तसेही नाही. प्राणवायू कमी पडू लागला की दुखत-खुपत काही नाही, उलट पुष्कळांना हलके, आनंदी वाटू लागते. नखे निळसर होतात, साधी बेरीज चुकते, आणि चुकते आहे हे कळत नाही. मोठ्या प्रवासी विमानात आतला दाब यंत्राने राखलेला असतो. लहान विमानात बहुधा ती सोय नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की १०,००० ते १३,००० फुटांच्या दरम्यान अर्ध्या तासाहून अधिक काळ राहायचे असल्यास वैमानिकाने नळीने प्राणवायू घ्यावा, आणि १३,००० फुटांच्या वर तर सतत घ्यावा. मला या साऱ्या विषयात हाच भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. जो धोका ओळखायला विवेक लागतो, तोच धोका आधी विवेक हिरावून घेतो. तेव्हा ‘मला बरे वाटते आहे’ या साक्षीवर विसंबता येत नाही; जमिनीवर असताना ठरवलेला आकडा पाळावा लागतो. हे शास्त्र भौतिकशास्त्राचे जेवढे, तेवढेच मानसशास्त्राचेही आहे, आणि मानसशास्त्र आमच्या कलाशाखेत शिकवले जाते!

शिवाय नुसत्या आकड्याने भागत नाही. आकडा कशाच्या वर, हेही पाहावे लागते. सह्याद्री हिमालयाच्या मानाने ठेंगणा. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. परंतु ७ जुलै १९६२ रोजी रात्री मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे मोठे जेट विमान वेळेआधीच खाली उतरू लागले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ माणसे मेली. डोंगर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३,६०० फुटांवर लागला. पश्चिमेचा वारा जोरात असला म्हणजे घाटाच्या कोकणाकडच्या बाजूला हवा वर चढते आणि माथा ओलांडला की पलीकडे खाली कोसळते. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या विमानाला ती ओढ सोसत नाही.

जे. आर. डी. टाटांच्या टपालसेवेची गोष्ट या संदर्भात आठवते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ हे इवलेसे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले, सोबत २५ किलो टपाल. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. हे सर्वांना ठाऊक असते. फारसे सांगितले जात नाही ते असे, की पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा सारा कारभार पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या एका मैदानावर हलवावा लागे. ज्यांनी देशाला विमानसेवा दिली तेही पावसाशी हट्ट करीत नसत.

आता या जे. आर. डीं.ची शैक्षणिक पात्रता पाहा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणाऱ्या या माणसाजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. आणि आज? खाजगी वैमानिकाच्या परवान्याला दहावी, सतरा वर्षे वय आणि ४० तासांचे उड्डाण पुरते. परंतु पगारावर विमान चालवायचे तर व्यावसायिक परवाना हवा. त्याला २०० तास आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित सक्तीचे. म्हणजे हौसेने उडवायला कलाशाखा चालते, पोटासाठी उडवायला चालत नाही! आकाशातली हवा काय परवान्याचा प्रकार पाहून विरळ होते? दोघांनाही तोच वारा, तेच ढग, तोच डोंगर. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्यावसायिक परवान्यालाही दहावी पुरत असे. अमेरिकेत शाळेत कोणते विषय घेतले होते हे कायदा विचारीत नाही. २०२५ मध्ये आपल्याकडेही ही अट काढण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या.

काही विज्ञानाचे मित्र म्हणतील, अट हवीच. भौतिकशास्त्र नसेल तर वर लिहिलेले सारे कळणार कसे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला माझे उत्तर असे की परवान्यासाठी वेगळ्या लेखी परीक्षा आहेतच : हवामानशास्त्र, दिशानिर्देशन, विमानाचे तंत्र, हवाई नियम. त्या हव्या तेवढ्या कडक ठेवा, नापास होणाऱ्याला खुशाल घरी पाठवा. पण सोळाव्या वर्षी भरलेला प्रवेशअर्ज ही काही विरळ हवा समजण्याची परीक्षा नव्हे. फ्रेंच लेखक सँतेक्झुपेरी ललितकलांच्या विद्यालयात वास्तुकलेची व्याख्याने ऐकत असे. तोच पुढे टपालवैमानिक झाला, त्याने ‘छोटा राजपुत्र’ लिहिला, आणि ३१ जुलै १९४४ रोजी एकट्याने उंचावरून टेहळणी करायला गेला तो परतला नाही.

सोळाव्या वर्षाचा हा अर्ज कोण भरतो, हाही प्रश्न आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आमच्यासारख्यांच्या घरी शाखा ठरते ती बसच्या वेळेवर, शिकवणीच्या फीवर आणि शेजारचा मुलगा कुठे गेला त्यावर. त्या दिवशी एक दार कायमचे बंद होते आहे, हे सांगणारे कोणी नसते. इकडे आपल्याच रायगड जिल्ह्यात, उलव्याजवळ, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यावर आमच्या कट्ट्यावर चर्चा होते ती सामान उचलण्याच्या, पहाऱ्याच्या आणि सफाईच्या नोकऱ्यांची. त्या कामांत कमीपणा काहीच नाही. पण विमानाच्या पुढच्या खुर्चीचा विषय एकदाही निघत नाही. निघतो तो शिवकर बापूजी तळपद्यांचा. १८९५ साली चौपाटीवर आपल्या माणसाने विमान उडवले म्हणून आम्ही छाती फुगवतो. ज्या ग्रंथाचा आधार त्यासाठी दिला जातो, त्यातली विमाने उडणे शक्य नाही असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले आहे. त्यापेक्षा मुंबईच्या आरोही पंडितकडे पाहावे. २०१९ च्या मे महिन्यात ती स्कॉटलंडहून निघाली आणि आइसलंड, ग्रीनलंड करीत कॅनडात एकटी उतरली. तिच्या पिपिस्ट्रेल सायनस विमानाची शक्ती अवघी ८० अश्वशक्ती, साध्या कौटुंबिक मोटारीएवढी. ग्रीनलंडचे बर्फाचे पठार मधोमध दोन हजार मीटरांहून उंच आहे. ते ओलांडायचे म्हणजे थंडी, विरळ हवा आणि थकलेले इंजिन यांचा हिशेब आधी मांडावाच लागतो. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने भूजहून जुहूपर्यंत येऊन जे. आर. डीं.च्या उड्डाणाची आठवण जागवली, तीही उपग्रहाच्या मार्गदर्शनाशिवाय.

पैशाचे काय, हा प्रश्न राहतोच. व्यावसायिक परवान्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. नियम उद्या बदलला तरी एवढी रक्कम आमच्यापैकी कोणाच्या घरी नाही. शिष्यवृत्त्या वाढल्या पाहिजेत, आणि ही मागणी विद्यार्थ्यांनीच लावून धरावी लागेल. पण पैसे नाहीत म्हणून नियमाविषयी बोलू नये, हे मला पटत नाही. शिष्यवृत्ती मागायला गेलेल्या मुलाला ‘तू मुळात पात्रच नाहीस’ असे उत्तर मिळते तोवर ती मागणी पुढे सरकणार कशी?

आजच्या नियमातही एक वाट आहे. बारावी कलाशाखेतून झालेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय नंतर देता येतात. हे मला कॉलेजात आल्यावर कळले. प्रवेशाच्या दिवसांत अकरावीच्या खिडकीशेजारी ही माहिती मराठीत लिहून लावावी, अशी प्राध्यापकवर्गाला विनंती आहे. लिहून देण्याचे काम मी करीन.